धारातीर्थापासून दारापर्यंत

‘रणात पडलेल्या वीराचा देह घरी आणणे ही आपली परंपरा, मधल्या सरकारांनी ती मोडली, कारगिलने ती पुन्हा सुरू केली.’ जवानाचे पार्थिव गावी आले की अग्रलेखांत, श्रद्धांजलीच्या भाषणांत आणि चौकातल्या फ्लेक्सवर हे विधान कुठल्या ना कुठल्या रूपात हजर असते. त्याचे तीन भाग आहेत आणि तिन्ही पुराव्याला उतरत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. तरीही पार्थिव घरी यावे, याच मताचा मी आहे. चांगली गोष्ट जुनीच असली पाहिजे हा आपला हट्ट सोडला, तर यात विसंगती दिसणार नाही. हा वाद घालायचा तो एवढ्यासाठी, की कारण चुकीचे धरले की आचारही वाकडा होत जातो. परंपरा म्हटली की तिची मालकी गावाकडे, पुढाऱ्याकडे, तहसील कचेरीकडे जाते आणि ज्यांचे माणूस गेले त्यांना कुणी विचारत नाही.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडू. तो म्हणतो, अंत्येष्टी हा आपल्याकडे शेवटचा संस्कार. मुलाने अग्नी द्यावा, अस्थी वाहत्या पाण्यात सोडाव्यात, दहाव्याला पिंडाला कावळा शिवावा, हे सगळे देहावाचून कसे व्हायचे? दाखला म्हणून तो तानाजी मालुसऱ्यांकडे बोट दाखवतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या लढाईत सिंहगडावर तानाजी पडले, आणि त्यांचा देह मावळ्यांनी केळदजवळच्या घाटवाटेने कोकणात उतरवून पोलादपूरजवळच्या उमरठला नेला, असे तो सांगतो. त्या वाटेला आजही मढेघाट म्हणतात आणि उमरठला समाधी आहे. मग तो १९६२ काढतो. रेझांग ला इथे १८ नोव्हेंबरला १३ कुमाऊंची चार्ली कंपनी जवळजवळ सगळी कापली गेली आणि ते देह फेब्रुवारी १९६३ पर्यंत बर्फात तसेच पडून राहिले. मावळ्यांनी जे दोन पायांवर केले ते स्वतंत्र देशाच्या सरकारला जमू नये, हा त्याचा टोला.

टोला जोरदार आहे. पण तानाजींच्या देहाचा प्रवास ही स्थानिक लोकपरंपरा आहे, समकालीन कागद नव्हे. ती जशीच्या तशी मान्य केली तरी ती एका सुभेदाराची, आपल्याच मुलखातल्या आणि चालत गाठता येईल इतक्या अंतरावरच्या गावाची गोष्ट आहे. त्या रात्री गडावर त्यांच्याबरोबर पडलेल्या मावळ्यांना कुणी कुठे नेले, यावर ती गप्प आहे. अपवादाची आठवण घाटाच्या नावात टिकते, कारण तो अपवाद असतो. रोजचा रिवाज असता तर सह्याद्रीतल्या प्रत्येक घाटाला तेच नाव पडले असते.

नियम काय होता हे पाहायचे तर महाभारताचे स्त्रीपर्व उघडावे. युद्ध संपल्यावर गांधारी, कुंती आणि कुरुकुलातल्या सगळ्या स्त्रिया हस्तिनापुराहून निघून कुरुक्षेत्रावर जातात. देह घरी येत नाहीत, घर देहांकडे जाते. युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य, सुधर्मा, युयुत्सु यांना आज्ञा देतो आणि तिथेच चिता रचल्या जातात. दूरदेशांहून आलेल्या, ज्यांचे म्हणावे असे तिथे कुणी नाही अशा योद्ध्यांचे दहनही विदुराकरवी तिथेच होते. कवीला यात अनादर दिसत नाही, गांधारीलाही दिसत नाही. तिचा आक्रोश मृत्यूवर आहे आणि कृष्णावर आहे. जागेबद्दल तिची तक्रार नाही.

धर्मशास्त्राचेही तसेच. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, क्षात्रधर्माने लढताना शस्त्राने पडलेल्याचा यज्ञ तत्क्षणी पुरा होतो आणि आशौचही तत्क्षणी सरते, असे सांगितले आहे. सुतकच उरत नाही तर देहाच्या वाटचालीची अट कुठून येणार? आणि देह मिळालाच नाही, तर त्याचीही सोय आहे. पळसाच्या तीनशे साठ देठांची आकृती मांडून तिचे दहन करावे, असा विधी आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या शेवटी लिहिलेला ‘धर्मसिंधु’ आपल्याकडच्या भिक्षुकांच्या हाताशी असे, आणि त्यातही तो आहे. ‘देहावाचून कसे व्हायचे?’ या प्रश्नाचे उत्तर शास्त्रकारांनी असे तपशीलवार देऊन ठेवले आहे. पूर्वपक्षाने ते वाचलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि वीरगळ? महाराष्ट्रातल्या जुन्या गावांत मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळापाशी, कुठे गावकुसाच्या कडेला, शेंदूर फासलेले, निम्मे मातीत गेलेले हे दगड आपण लहानपणापासून पाहतो. तळाच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा वीराला नेताहेत, त्याच्या वर तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. शिल्पकाराने त्याचा प्रवास सरळ वरच्या दिशेने दाखवला आहे. बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर नौकांची लढाई कोरलेली आहे. समुद्रात पडलेल्यांचे देह कोण कशाला शोधणार होते? मध्ययुगीन महाराष्ट्राने आपल्या वीरांची आठवण दगडात ठेवली. गावाला त्यांचे नाव हवे होते, आणि ते दगडाने टिकवले.

ज्यांच्याकडे देह परत आणण्याची परंपरा खरोखर होती, त्यांच्याकडे तिच्या ठसठशीत खुणा सापडतात. अथेन्सचे लोक परमुलखात पडलेल्यांच्या अस्थी शहरात आणत आणि केरामैकोसच्या सार्वजनिक दफनभूमीत ठेवत. त्यासाठी कायदा होता, ठरलेली जागा होती, वर्षाचे ठरलेले भाषण होते. कसूर झाली तर जाबही होता. इसवी सनापूर्वी ४०६ साली आर्गिनुसीची समुद्रातली लढाई जिंकूनही बुडालेल्यांना आणि मृतांना उचलले नाही म्हणून सहा सेनापतींना देहान्त शिक्षा झाली. (वादळ होते, हा त्यांचा बचाव सभेने ऐकला नाही. लोकसभा आणि लोकक्षोभ यांचे नाते जुनेच.) शेजारची स्पार्टा मात्र आपल्या माणसांना पडले तिथेच पुरत असे, आणि स्पार्टाला कुणी शूरांचा अनादर करणारे राज्य म्हटलेले नाही. आपल्याकडे असा कायदा, अशी जागा, असा जाब कुठे आहे? खुद्द बाजीराव पेशवे १७४० च्या एप्रिलमध्ये छावणीत आजाराने वारले, तेव्हा नर्मदेकाठी रावेरखेडीलाच त्यांचे दहन झाले. पुण्याला त्यांचा देह आला नाही आणि त्यावरून कुणी अब्रू गेल्याची हाकाटी केली नाही.

आता दुसरा भाग: मधल्या सरकारांनी परंपरा मोडली. मधले पहिले सरकार इंग्रजांचे. त्यांनी मोडली ती परंपरा आपली नव्हती, त्यांच्याच श्रीमंतांची होती. १९१५ च्या एप्रिलमध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्समध्ये पडला, आणि राजाच्या खास परवानगीने त्याचा देह वेल्समधल्या हॉर्डनला आणून पुरला. ज्यांची पोहोच नव्हती त्यांनी काय करायचे, असा प्रश्न उभा राहिला आणि लगेचच देह मायदेशी नेण्यावर बंदी आली. लॉर्डाचा मुलगा आणि खाणकामगाराचा मुलगा एकाच मापाच्या दगडाखाली, त्याच मातीत राहतील, हे तत्त्व पुढे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने धरून ठेवले. तत्त्व उदात्त होते, यात शंका नाही. पण साम्राज्याच्या गोऱ्या अर्ध्यापुरते. मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या, ११० वी मराठा कूतच्या वेढ्यात सापडून १९१६ मध्ये कैदेत गेली. त्या मुलखात ज्यांची समाधी सापडली नाही अशांसाठी बसऱ्याला जे भव्य स्मारक उभे राहिले, त्याच्या भिंतींवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, शिपायांची नाही. ही गोष्ट आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये कबूल केली. प्रामुख्याने हिंदी आणि आफ्रिकी अशा ४५,००० ते ५४,००० मृतांची स्मृती असमान रीतीने राखली गेली, असा तिचा अंदाज आहे. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीच्या घरांवर झालेला खरा अन्याय हा आहे. देह न येणे त्या वेळी लंडनच्या घरांच्याही वाट्याला होते. नाव न कोरले जाणे मात्र आपल्यासारख्यांच्याच वाट्याला होते.

दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, मशीनगनचे ठाणे एकट्याने जिंकून तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कुठेच नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि तालुक्याला त्यांचा अभिमानही कमी नाही. देह आला नाही म्हणून घाडगे माणगावचे कमी झाले, असे म्हणायची कुणाची छाती आहे?

स्वातंत्र्यानंतर सैन्याने हीच रणभूमीवरच्या संस्काराची पद्धत पुढे चालवली, आणि ती हेळसांडीची पद्धत नव्हती. पलटणीबरोबर तिचा धर्मगुरू असतो, पंडित, ग्रंथी, मौलवी किंवा पाद्री, ज्या पलटणीत जसे जवान तसा. तो विधी करी, सोबती खांदा देत, सलामी होई, आणि अस्थी व सामान घरी जाई. रेझांग लाचे देह फेब्रुवारीत सापडले तेव्हा चुशूलजवळ लष्करी इतमामाने सामुदायिक दहन झाले. मेजर शैतान सिंग यांचा देह तेवढा विमानाने जोधपूरला नेला. तीन महिने देह बर्फात राहिले, याचा दोष त्या पराभवाच्या हिशेबात मांडावा. तिथेच दहन केले, याचा दोष मांडता येत नाही.

१९६५ चे उदाहरण तर पूर्वपक्षाला फारच अडचणीचे. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर पूना हॉर्सचे प्रमुख होते. १६ सप्टेंबरला चाविंड्याच्या आघाडीवर ते पडले. आपले दहन रणभूमीवरच व्हावे, ही इच्छा त्यांनी आधीच बोलून ठेवली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती पाळली गेली. पारशी माणूस, दख्म्याऐवजी अग्नी मागतो, घराऐवजी रणभूमी मागतो, आणि त्याचे सैनिक धडाडणाऱ्या तोफांत ती मागणी पुरी करतात. या मृत्यूला ‘उपेक्षा’ म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्या परमवीरचक्राचा अर्थ विचारून घ्यावा.

तिसरा भाग कारगिलचा, आणि इथे पूर्वपक्षाच्या हाती खरेच काहीतरी आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात प्रथमच हे घडले की पडलेल्या बहुतेक प्रत्येक जवानाचे पार्थिव त्याच्या गावी पोचवण्याचा सरकारने निर्धार केला. पण पुन्हा सुरू करायला आधी काही सुरू असावे लागते. त्या वर्षी एक नवी गोष्ट जन्माला आली, आणि ती का जन्माला येऊ शकली हे पाहण्यासारखे आहे. लढाई आपल्याच हद्दीत होती. पाठीशी श्रीनगर-लेह रस्ता होता. श्रीनगर, दिल्ली, पुणे, लखनौ इथे विमाने रोज उतरत होती. आणि आकडा पाहा: अडीच महिन्यांत ५२७. १९७१ मध्ये सुमारे ३,८०० जवान पडले, त्यातले बहुसंख्य डिसेंबरच्या दोन आठवड्यांत, दोन टोकांच्या दोन आघाड्यांवर. त्या दोन आठवड्यांत कुठल्या विमानांनी कुणाला कुठे न्यायचे होते? 

राज्यसंस्थेला ही गोष्ट किती नवी होती, याचा पुरावा तिच्याच दप्तरात आहे. अॅल्युमिनियमच्या पाचशे शवपेट्यांचा परदेशी व्यवहार झाला तो लढाई संपल्यावर. त्यातल्या जेवढ्या आल्या त्या ठरल्यापेक्षा कितीतरी जड निघाल्या. २००१ मध्ये महालेखापरीक्षकांनी ताशेरे मारले, संसद दणाणली, ‘शवपेटी घोटाळा’ हा शब्दप्रयोग निवडणुकांत खेळवला गेला. पुढे न्यायालयात आरोप टिकले नाहीत. घोटाळा होता की नव्हता याच्याशी मला इथे कर्तव्य नाही. माझा मुद्दा साधा आहे: शतकांची परंपरा असलेला देश लढाई संपल्यावर पेट्या मागवायला निघत नाही. जवानांची पार्थिवे त्या उन्हाळ्यात गावी गेली ती साध्या लाकडी पेट्यांतून.

इथवर वाचून दुसऱ्या बाजूचे लोक खूश होतील, म्हणून त्यांच्याकडेही वळतो. हे शहरी, शहाणे, किंचित कंटाळलेले लोक. त्यांचे मत असे की पार्थिव घरी आणणे हा दूरचित्रवाणीने लावलेला छंद आहे. कॅमेरा आला, म्हणून पेटी आली. पेटी आली, म्हणून पालकमंत्री आले. कॅमेरे नसते तर कुणी मागणीही केली नसती. हे मत पहिल्याइतकेच चुकीचे आहे, आणि त्याचा प्रतिवाद करायला पानिपतापेक्षा चांगली जागा नाही.

१४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी विश्वासरावांचा देह सापडला. तो पेंढा भरून काबूलला न्यावा, अशी अब्दालीच्या सैनिकांची मागणी होती, असे काशीराज पंडित सांगतो. शुजाउद्दौल्याने मध्ये पडून तो सोडवला आणि हिंदू रीतीने दहन करवले. भाऊसाहेबांचे धड नंतर प्रेतांच्या राशीत मिळाले, खुणांवरून ओळखले गेले, शिर वेगळे मिळाले, त्यांचेही दहन झाले. काशीराज तिथे होता. म्हणजे साक्षीदार आहे, ओळख आहे, संस्कार आहे. शास्त्राच्या दृष्टीने सगळे पुरे झाले होते. पण पुण्याच्या दृष्टीने काहीच पुरे झाले नव्हते, कारण पुण्याने काही पाहिले नव्हते. पार्वतीबाईंनी नवरा गेला हे मानलेच नाही, वैधव्याची चिन्हे अंगावर घेतली नाहीत. आणि ही केवळ एका बाईची वेडी आशा होती म्हणावे, तर पुढचा इतिहास आडवा येतो. स्वतःला सदाशिवराव म्हणवणारा एकजण निघाला, पेशव्यांनी त्याला रत्नागिरीला कैदेत ठेवले, तिथल्या अधिकाऱ्यानेच त्याला खरा मानून सोडवले, आणि १७७६ मध्ये त्याने कोकणातले किल्ले घेतले, हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमा झाली. नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांना फौजा लावून त्याला धरावे लागले, पुण्यात चौकशी बसवावी लागली, मग देहान्त. पंधरा वर्षांनी! न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ लिहिले ते उगाच नाही. त्या वेळी कॅमेरा नव्हता. एक देह घरी आला नाही, आणि शंकेला सवा तप राज्य मिळाले.

हीच भूक फ्रान्समध्ये १९१९ मध्ये दिसली. सरकारने देह हलवायला बंदी घातली होती, तर आईबाप पैसे देऊन माणसे लावीत आणि रात्री युद्धभूमीवरच्या कबरी उकरून मुलाला घरी नेत. या धंद्याला ऊत आला, सरकार हरले, आणि १९२० च्या कायद्याने सरकारी खर्चाने देह पोचवण्याची तरतूद झाली. जवळजवळ २,४०,००० देह आगगाड्यांतून गावोगावच्या दफनभूमीत परतले. अमेरिकेने दर कुटुंबाला विचारले. सुमारे ४६,००० देह अटलांटिक ओलांडून गेले, तीसेक हजार युरोपात राहिले. थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या वैमानिक मुलाला, क्वेंटिनला, पडला तिथेच राहू द्या असे कळवले. माजी राष्ट्राध्यक्षाने ‘नको’ म्हटले, हजारो शेतकऱ्यांनी ‘हवा’ म्हटले, आणि दोघांचेही ऐकले गेले. याकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे सियाचेन ही गोष्ट वारंवार सांगतो आहे. १९९३ मध्ये हिमदरीत पडलेल्या महाराष्ट्रातल्या एका हवालदाराचा देह एकवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, बर्फाने परत दिला. १९८४ च्या मोहिमेतल्या एका जवानाचा देह २०२२ मध्ये, अडतीस वर्षांनी, हल्द्वानीला पोचला. १९६८ च्या फेब्रुवारीत चंदीगडहून लेहला निघालेले हवाई दलाचे ए. एन. १२ विमान १०२ जणांसह रोहतांगजवळच्या हिमनदीत नाहीसे झाले. त्यातले आणखी चार देह २०२४ मध्ये काढले. एवढ्या वर्षांनी मिळालेल्या अवशेषांना घरच्यांनी नको म्हटले का? वडील कधीच गेलेले, आई थकलेली, मुलगा बापापेक्षा वयाने मोठा झालेला, आणि तरी सगळे दारात उभे होते. कॅमेरा याला कारण म्हणता येत नाही.

तेव्हा माझा सिद्धान्त असा. पार्थिव घरी आणणे हा संस्कृतीचा आदेश नाही, आणि तमाशाही नाही. तो घरच्यांचा हक्क आहे. विसाव्या शतकात सामान्य माणसांनी तो सरकारांकडून भांडून मिळवला, आपल्याकडे तो १९९९ मध्ये आला. त्याचा गाभा सन्मान हा नाही. सन्मान वीरगळानेही होतो, पदकानेही होतो. गाभा आहे खात्री. आपलेच माणूस गेले, हे घरच्यांना आपल्या डोळ्यांनी, आपल्या हातांनी कळावे. पार्वतीबाईंना मिळाले नाही ते हे.

ही खात्री किती महाग आहे हे ती नाकारणाऱ्या सरकारांकडून कळते. कारगिलमध्ये पाकिस्तानने आपले सैनिक लढत असल्याचेच नाकारले, म्हणून नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीच्या अनेक जवानांचे देह त्याने ताब्यात घेतले नाहीत. भारतीय सैनिकांनी मौलवी बोलावून त्यांना त्या डोंगरांतच पुरले. देह स्वीकारणे म्हणजे युद्ध स्वीकारणे होते. सोव्हिएत रशियाने अफगाणिस्तानातून जस्ताच्या डाक लावलेल्या पेट्या घरी पाठवल्या आणि पेटी उघडायला मनाई केली. देह आला, खात्री आली नाही. कित्येक आयांना आत कोण आहे ही शंका जन्मभर पुरली. वाहतूक झाली म्हणजे हक्क पुरा झाला, असे समजणाऱ्यांनी ही पेटी लक्षात ठेवावी.

हक्क म्हटले की त्यातून काही गोष्टी ओघाने येतात, आणि त्या परंपरावाद्यांना आवडणार नाहीत. हक्क वापरायचा की नाही, हे हक्कदार ठरवतो. एखाद्या घराला गावच्या शाळेच्या मैदानात पंधरा हजारांच्या गर्दीत अग्नी द्यायचा नसेल, चार माणसांत नदीकाठी द्यायचा असेल, तर तेच व्हायला हवे. एखाद्या आईला चेहरा पाहायचा असेल, तर ‘बघण्यासारखे नाही’ असे सांगून तिला अडवण्याचा अधिकार डॉक्टरला सल्ल्यापुरताच, तहसीलदाराला मुळीच नाही. पाहुणे पोचेपर्यंत पार्थिव तालुक्याच्या ठिकाणी थांबवून ठेवणे, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. ज्यांच्यासाठी विमान आणले आणि रस्ता अडवला ते घरी वाट पाहत असतात, आणि मधल्या चौकात व्यासपीठ बांधून होत नाही म्हणून ट्रक उभा असतो. परंपरेच्या नावाखाली हे खपते, कारण परंपरेत सगळ्यांचा वाटा असतो. हक्कात नसतो.

यावर दोन आक्षेप येतील. एक, समतेचा. इंग्रजांनी १९१५ मध्ये मांडलेला, की ज्याची पोहोच आहे त्याचाच मुलगा घरी जाईल. याचे उत्तर सोपे आहे: खर्च आणि व्यवस्था सगळी सरकारची असली, हवालदार आणि कर्नल यांना एकच विमान, एकच पेटी, तर आक्षेप उरत नाही. कारगिलने ते करून दाखवले. उलट मोठ्या युद्धात हे जमणार नाही, हे आजच घरांना सांगून ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. रोज तीनशे जवान पडू लागले तर देह तिथेच ठेवावे लागतील, जसे १९७१ ला ठेवले. ज्यांना आपण ‘शतकांची परंपरा’ शिकवली आहे त्या घरांना तो अपमान वाटेल. ज्यांना पळसाचा विधी आणि वीरगळ माहीत आहेत त्यांना दुःख होईल, अपमान वाटणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. धक्क्यात असलेल्या घराला निवड करायला लावणे हे क्रौर्य नाही का? सैन्यच ठरवू दे, असे अनुभवी अधिकारीही म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण फॉकलंड. १९८२ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रथमच घरच्यांना विचारले. ६४ देह मायदेशी परतले. १४ जण, लेफ्टनंट कर्नल एच. जोन्स धरून, तिथेच सान कार्लोसच्या दफनभूमीत राहिले, कारण घरच्यांनी तसे म्हटले. समोरच्या बाजूला अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी कुणाला विचारले नाही. बेटे आमचीच आहेत, तेव्हा आमचे सैनिक मायदेशातच आहेत, असे म्हणून त्यांनी देह नेण्यास नकार दिला. ब्रिटिश कॅप्टन जेफ्री कार्डोझो याने ते गोळा करून डार्विनच्या दफनभूमीत पुरले, आणि ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या कबरींवर ‘केवळ देवाला ठाऊक असलेला अर्जेंटिन सैनिक’ अशा अर्थाचे शब्द कोरले. पस्तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, रेड क्रॉसने त्या कबरी उघडल्या, घरच्यांचे डीएनए नमुने जुळवले, आणि पहिल्याच फेरीत ८८ जणांची ओळख पटली. घरच्यांना विमानाने बेटावर नेले. त्यांनी आपापल्या मुलाच्या नव्या दगडावरचे नाव हाताने चाचपून पाहिले, आणि देह तिथेच राहू द्या म्हणाले.